विडीच्या पानाची खूण

पुस्तक परत आलं ते वर्तमानपत्रात नीट गुंडाळून, वरून विडी बांधायच्या दोऱ्याचे चार वेढे घालून. मे महिन्यातली दुपारची तीनची वेळ. आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात त्या वेळी गल्लीत चिटपाखरू नसतं, नुसता यंत्रमागांचा खटखटाट उन्हात तापत पडलेला असतो. ती दारात उभी होती. डोक्यावरून ओढणी, कपाळावर घाम. "आत ये, पाणी तरी पी," म्हटलं तर म्हणाली, "नको मॅडम, आई थांबलीय. कारखान्यात विड्या द्यायला जायचंय." मग पुस्तक माझ्या हातात देऊन, खाली चपलेकडं बघत ती म्हणाली, "चांगलंच असणार मॅडम. पण मला काय त्यात शिरताच येईना." एवढं बोलून गेली. मी दोरा सोडला, कागद काढला. पुस्तकाला तंबाखूचा उग्र, जरा गोडसर वास लागला होता आणि आत खूण म्हणून विडीच्या पानाचा एक तुकडा होता. पत्र्याचा फर्मा ठेवून कात्रीनं कापतात तसा, चारी बाजूंनी नेमका, मधोमध शीर. एकतिसाव्या पानावर.

एकतीस पानं.

पुस्तक म्हणजे 'कोसला'. आठ-दहा दिवसांपूर्वी कन्ना चौकात भाजी घेताना ती भेटली होती. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, मराठी घेतलंय. घरी तेलुगू बोलतात, शाळा मराठीतून झाली, आणि अकरावी-बारावीला ती माझ्या वर्गात होती. वर्गात भालचंद्र नेमाड्यांचं नाव आलं, म्हणाली. सरांनी सांगितलं, मराठी कादंबरी नेमाड्यांच्या आधीची आणि नंतरची अशी दोन भागांत मोजतात. दुसऱ्या दिवशी दुसरे सर म्हणाले, त्यांनी मराठीचं वाटोळं केलं. "मग मला वाटलं आपणच वाचून बघावं. कुठून सुरू करू मॅडम?" माझ्या एका हातात मेथीची जुडी, दुसऱ्या हातानं सुटे पैसे मोजत होते. म्हटलं, "कोसला. दुसरं काय? घरी ये, देते." कुणीही विचारावं आणि कुणीही द्यावं असं ते उत्तर. समोर कोण आहे, तिचं वय काय, घर कसलं, कशासाठी विचारतेय, यातलं काहीही मी मनात आणलं नाही. बत्तीस वर्षं मराठी शिकवून मी तिला ते उत्तर मेथीच्या जुडीसारखं काढून दिलं. पुस्तक परत आल्यावर रात्रभर मला तेच टोचत राहिलं. आमच्याकडं माग रात्रभर चालतात, त्या आवाजाची इतकी सवय आहे की लाईट गेली की शांततेनं जाग येते. त्या रात्री लाईट गेली नव्हती तरी मी जागी होते.

खरं तर मला ठाऊक असायला हवं होतं, कारण मीही एकदा हेच पुस्तक असंच मिटलं होतं.

१९८८ साल. मी एकोणीस वर्षांची, पुण्यात मुलींच्या हॉस्टेलवर. अप्पा मिलमध्ये साचेवाले, म्हणजे माग चालवणारे होते. सोलापुरात आमचं सगळं घड्याळ मिलच्या भोंग्यावर चालायचं. पहिल्या पाळीचा भोंगा झाला की आई चूल पेटवायची. पुण्यात पहिले काही महिने मी त्या भोंग्यावाचून वेळेला अंदाजानं चाचपडत होते. तोंड उघडलं की मुली हसायच्या. "काय करायलीस," असं मी म्हणायची, त्या तेच वाक्य चाल लावून परत म्हणायच्या. महिन्याच्या पाच-सहा तारखेला अप्पांची मनीऑर्डर यायची. फॉर्मच्या खालच्या बाजूला मजकुराला दोन बोटं जागा असायची, त्यात अप्पा ठरावीक लिहायचे: 'सर्व ठीक. जपून राहा. मेसचे पैसे आधी भर.' तिसरं वाक्य कधी चुकायचं नाही. अशात कुणीतरी 'कोसला' दिलं. हे वाच, आयुष्य बदलेल, असं सांगून दिलं. नेमाड्यांनी ते पंचविशीत लिहिलं, १९६३ साली ते आलं, त्यांचा नायकही पंचविशीचाच. पांडुरंग सांगवीकर. खानदेशातल्या खेड्यातनं पुण्याला शिकायला आलेला, हॉस्टेलवर राहणारा. मला वाटलं, हे तर माझंच.

पण पांडुरंग बापाचे पैसे उधळतो. मेस चालवायला घेतो आणि त्यात बुडतो. परीक्षेत नापास होतो, आणि या सगळ्याबद्दल तो ज्या थंड, तुटक सुरात बोलतो तो मला सहन झाला नाही. दर चार वाक्यांना 'उदाहरणार्थ', दर सहा वाक्यांना 'वगैरे'. बापाच्या घामाला वगैरे म्हणायचं? माझ्या डोळ्यांपुढं मनीऑर्डरच्या फॉर्मवरची ती दोन बोटं जागा होती. शिवाय पांडुरंगाला परत जायला गाव होतं, शेती होती, मोठं घर होतं. सगळं वाया घालवून तो तिथं जाऊन बसू शकत होता. मी नापास झाले असते तर परत जायला मिलच्या चाळीतली एक खोली होती आणि तिच्यात आधीच सहा माणसं. मी पुस्तक मिटलं. साठाव्या-सत्तराव्या पानावर असेन. ज्यानं दिलं त्याला परत करताना 'छान आहे' म्हणाले. त्या पोरीनं निदान खरं सांगितलं.

पुढं नव्वदीच्या दशकात एकेक मिल थंड पडत गेली. अप्पांची मिलही बंद झाली. शेवटच्या दिवशी ते मागावर आडवं सूत नेणारा एक धोटा घेऊन घरी आले. लाकडी, दोन्ही टोकांना लोखंडी टोप्या, मधल्या खाचेत रिकामी कांडी. हात फिरवला तर लाकूड इतकं गुळगुळीत की ओलं असल्यासारखं वाटतं. सुताचं आणि हातांचं घासणं ते. अप्पांनी तो माळ्यावर ठेवला आणि परत कधी खाली काढला नाही. सकाळी भोंगा नाही, तरी अप्पा त्याच वेळेला उठून अंथरुणावर बसायचे. काही बोलायचे नाहीत. विचारलं तर 'काही नाही, असंच' म्हणायचे. त्या 'असंच'मध्ये काय होतं ते मला बऱ्याच वर्षांनी 'कोसला' पुन्हा हातात आल्यावर उमगलं. सांगता न येणारं इतकं मोठं असतं की माणूस त्याच्यावर वगैरे टाकून पुढं सरकतो. पांडुरंगाचा जो सूर मला थंड वाटला होता, त्याच्या खाली विस्तव होता. एकोणिसाव्या वर्षी मला फक्त राख दिसली.

मधल्या काळात मला नेमाड्यांकडं नेलं ते 'बिढार'नं. १९७५ सालचं पुस्तक, माझ्या हाती आलं ते मी एका तालुक्याच्या गावी तात्पुरत्या नेमणुकीवर शिकवत होते तेव्हा. भाड्याची खोली, स्टोव्ह, एक पत्र्याची पेटी, शेजारच्या घरमालकिणीचं दाराच्या फटीतून बघणं. चांगदेव पाटील मला पहिल्या दहा पानांत भेटला आणि मग मी त्याला सोडलं नाही. 'हूल', 'जरीला', 'झूल', सगळीकडं त्याच्या मागं गेले. गावोगाव बदलत्या नोकऱ्या, संस्थेचे चालक, प्राध्यापकांच्या खोलीतला चहा, कोण कुणाच्या जातीचा याची कुजबुज, परीक्षांचे घोळ. हे सगळं मी रोज सकाळी सातच्या तासाला बघत होते आणि ते कुणी लिहिलंही आहे हे मला ठाऊक नव्हतं. आपल्या दिवसाला साक्षीदार आहे असं वाटणं ही फार मोठी गोष्ट असते. 'झूल' संपलं त्या रात्री मी खोलीच्या दारात पायरीवर बसून रडले. चांगदेवासाठी रडले की त्या पेटीसाठी, मला आजही नेमकं सांगता येणार नाही.

म्हणून नोकरीला लागलेला, घरापासून लांब पडलेला, खोलीचं भाडं भरणारा कुणी विचारतो तेव्हा मी 'बिढार' म्हणते. ते धीमं आहे, चढउतार कमी, कथानक असं काही हाताला लागत नाही, आणि बरेच जण मध्येच सोडतात. पण ज्याला लागतं त्याला ते रोजच्या भाकरीसारखं लागतं. 'कोसला'त चटका आहे, इथं सोबत आहे.

नेमाड्यांची मतं आधी वाचू नयेत, हे मात्र मी सगळ्यांना सांगते. देशीवाद, म्हणजे साहित्य आपल्या मातीतून आणि परंपरेतून यावं हा त्यांचा आग्रह, इंग्रजीबद्दल ते काय म्हणतात, साहित्य संमेलनांबद्दल काय म्हणतात, लघुकथेला किती कमी लेखतात. त्यांच्या 'टीकास्वयंवर' या समीक्षेच्या पुस्तकाला १९९० साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, मोठं पुस्तक आहे, माझ्या कपाटात त्याच्या पानोपानी पेन्सिलीच्या खुणा आहेत. पण त्या दारानं आत शिरलेला माणूस कादंबऱ्यांपर्यंत पोचतच नाही. तो आधी बाजू घेतो. २०१४ चं ज्ञानपीठ त्यांना मिळालं तेव्हा हिराचंद नेमचंद वाचनालयाच्या बाहेर चहाला थांबलेल्या चौघांमध्ये जुंपली होती, मी तिथं होते. दोघं त्यांना डोक्यावर घेत होते, दोघं पायाखाली. तासाभरात एकाही कादंबरीतल्या एकाही माणसाचं नाव निघालं नाही. पांडुरंग नाही, चांगदेव नाही, 'हिंदू' कादंबरीतला खंडेराव नाही. मला फार वाईट वाटलं. एका माणसानं इतकी माणसं उभी केली, आणि बोलायचं ते फक्त त्याच्याबद्दल? मी स्वतः लघुकथेवर जीव टाकणारी बाई आहे. त्यांचं ते मत मला लागतं, आजही लागतं. पण त्यांच्या कादंबरीतला मेसचा हिशेब मी त्या मतासाठी सोडून देणार नाही.

एक तक्रार मात्र माझी खरी आहे आणि ती मतांची नाही, कादंबऱ्यांचीच आहे. या इतक्या पानांत बायका कुठं आहेत? आहेत, पुष्कळ आहेत, 'हिंदू'त तर घरभर आहेत. पण बहुतेक वेळा त्या पुरुषाच्या नजरेच्या कडेला दिसतात. तो वळून बघतो तेव्हा उजेडात येतात, तो वळला की पुन्हा अंधारात. पांडुरंगाच्या हॉस्टेलवरची एकेक खोली मला डोळे मिटून दिसते. त्याच्या आईचं स्वयंपाकघर मला माझ्या मनानं भरून घ्यावं लागतं. पुण्यात एकोणिसाव्या वर्षी मी पुस्तक मिटलं त्यात हेही असणार, तेव्हा शब्द नव्हते एवढंच. मग ज्या मुलीची आई दिवसभर विड्या वळते आणि जिचं सगळं जग बायकांनी भरलेलं आहे, तिला मी मुलग्यांच्या हॉस्टेलच्या दारातनं आत का ढकललं?

'हिंदू'नं तर कुणीच सुरुवात करू नये. २०१० साली आली तेव्हा मी लगेच घेतली, सहाशे पानांचा तो ठोकळा. 'जगण्याची समृद्ध अडगळ' हे तिच्या नावातले शब्द वाचून आधी आमचा माळाच आठवला. वर्षभर ती नुसती उशाशी पडून होती. मग अप्पा आजारी पडले. दवाखान्याच्या व्हरांड्यात, त्या हिरवट भिंतीला पाठ लावून, रात्री-अपरात्री मी ती वाचली. खंडेराव लांब मोहेंजोदडोला उत्खननात गुंतलेला असतो आणि बाप आजारी असल्याचं कळून मोरगावला निघतो. पुढं सगळा गाव, सगळी भावकी, आत्या, आज्या, शेतीभाती, जाती, देव, गाणी, म्हणी असे अंगावर कोसळत येतात. रात्री दोनला सलाईनची बाटली बदलायला नर्स आली की मी पुस्तक उलटं ठेवायची, अप्पांचा हात हातात घ्यायची, बाटली लागली की पुन्हा वाचायची. त्यात कुणाचं काय नातं हे मी कितीदा हरवलं, पण अडलं नाही. दवाखान्यातही तसंच होतं. रोज कुणी ना कुणी नातेवाईक येत होते, निम्म्यांची नावं मला येत नव्हती आणि ते माझ्या लहानपणाच्या गोष्टी सांगत होते. अप्पा गेले. पुस्तकाची शेवटची दोनशे पानं मी दिवसकार्य झाल्यावर, धोटा माळ्यावरून खाली काढून मांडीवर घेऊन वाचली. अशी वेळ कुणी कुणाला सुचवत नसतं. ती आली की ते पुस्तक आपोआप उघडतं.

या सगळ्या विचारात पहाट झाली आणि मला आजी आठवली.

आजीच्या चेहऱ्यावर देवीचे वण होते. लहानपणी तिच्या मांडीवर झोपून मी ते बोटानं मोजायची, आणि मोजताना चुकायची. ती म्हणायची, "मोजू नको गं, आई येऊन गेली घरात, तिची पावलं आहेत ती." तिच्या पाठची एक बहीण त्याच साथीत गेली. तिचं नाव आजीच्या तोंडून मी एकदाच ऐकलं. १९७५ नंतर देवीचा रोगी आपल्या देशात सापडला नाही. आज वीस वर्षांच्या पोरांना असा चेहरा क्वचितच बघायला मिळाला असेल. आणि 'कोसला'त मध्याकडं कुठंतरी पांडुरंगाची धाकटी बहीण जाते, मनी. देवी येऊन जाते. त्या पानांत तो सगळा तुटक सूर, तो सगळा बेपर्वाईचा पवित्रा गळून पडतो आणि आत जे आहे ते उघडं होतं. त्या एवढ्याशा पोरीबरोबर तिच्या पोटी पुढं जन्मू शकली असती ती सगळी माणसं गेली, असा विचार तो करतो. इतकी उघडी जखम मराठी गद्यात मी दुसरीकडं क्वचितच पाहिली. आजीची ती बहीण मला पहिल्यांदा त्या पानांतच भेटली. आजीनं एकदाच उच्चारलेलं नाव मी पुस्तकाच्या समासात लिहून ठेवलंय.

दार तिथं होतं. मी तिला पुढच्या फाटकापाशी सोडून आले होते.

दोन दिवसांनी संध्याकाळी पुस्तक घेऊन मीच तिच्या घरी गेले. वळवाचा पाऊस नुकताच सडा घालून गेला होता, गल्लीत तापलेल्या मातीचा वास होता. एक खोली, पुढं ओटा. आई ओट्यावरच भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर सूप. सुपात एका बाजूला ओल्या फडक्यात कापलेली पानं, दुसऱ्या बाजूला जर्दा. मी आयुष्यभर या बायकांच्या गल्लीत राहिले, पण इतक्या जवळ बसून तो हात कधी बघितला नव्हता. डाव्या हातात पान, उजव्या चिमटीत जर्दा, तो पानावर एकसारखा पसरतो, दोन्ही अंगठे पुढं सरकतात, पान गोल होतं, टोक दुमडून आत दाबायचं, दोऱ्याचे दोन वेढे, आणि विडी सुपात. बघता बघता पंचवीस झाल्या की कट्टा बांधायचा. मजुरी हजारावर असते, तेव्हा हात थांबून चालत नाही. बोलताना थांबत नाही, माझ्याकडं बघून हसतानाही थांबला नाही. "या बाई, बसा," म्हणाली आणि मानेनंच लेकीला खूण केली, चटई टाक.

पोरगी कावरीबावरी झाली. पुस्तक परत दिलं म्हणून मी रागावले असं तिला वाटलं असणार. मी म्हटलं, "चूक माझी होती, मी तुला चुकीच्या जागी नेऊन सोडलं. पहिल्या पानापासून नको वाचू. हे इथून वाच." समासात जिथं आजीच्या बहिणीचं नाव आहे तिथं मी तिचाच विडीच्या पानाचा तुकडा ठेवला होता.

"मधून कसं वाचायचं मॅडम? आधीचं कळायला नको?"

"आधीचं एवढंच. मुलगा पुण्याला शिकायला आहे. घरी त्याची धाकटी बहीण होती, मनी. तिला देवी आल्या. आणि मनात वाचू नको, मोठ्यानं वाच. हा माणूस कानानं लिहितो."

हे मी मनापासून म्हणाले. नेमाड्यांची वाक्यं डोळ्यांना खडबडीत लागतात, पण तोंडातून काढली की त्यांची लय सापडते. छोटी छोटी, एकामागून एक, जुन्या महानुभावांच्या गद्यासारखी. बोलणारा माणूस समोर असल्यासारखी. तेलुगू घरातल्या पोरीला छापील मराठी अडतं, बोललेली मराठी तिची रोजची आहे.

'देवी' म्हटल्यावर आईनं मान वर केली. "अम्मवारु?" तिनं लेकीला विचारलं. लेकीला कळेना, मी 'हो' म्हटलं. आमच्याकडं आई म्हणतात, त्यांच्याकडंही आईच.

मग पोरीनं वाचायला सुरुवात केली. आधी अडखळत, शाळेतल्या धड्यासारखं, प्रत्येक पूर्णविरामाला थांबून. पुस्तकाचं नाव 'कोसला' का, असं तिनं मध्येच विचारलं. किडा स्वतःभोवती धागा गुंडाळून घेतो तो कोश, मी सांगितलं. पाखरू कोश फोडून बाहेर पडलं तर धागा तुटतो, म्हणून रेशीम काढायला कोश आतल्या किड्यासकट उकळत्या पाण्यात टाकतात. ती क्षणभर माझ्याकडं बघत राहिली, आणि पुन्हा पुस्तकात बघितलं. पानभर झाल्यावर तिचा आवाज बदलला. ती आता मला वाचून दाखवत नव्हती. पांडुरंगाचा राग तिच्या तोंडून येत होता, आणि त्या रागाला सोलापुरी हेल होता. समोरच्या घरात मागाचा खटका एका ठेक्यात चालला होता, त्यावर तिचा आवाज. मला कळत होतं की समासातल्या नावापाशी ती आता येईल. तिथं ती अडली, बोट ठेवून माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "ते पुस्तकातलं नाही, आमच्या घरातलं आहे. वाच पुढं." तिनं ते नाव मोठ्यानं उच्चारलं आणि पुढं वाचत गेली. आमच्या घराबाहेर ते नाव बहुधा पहिल्यांदाच कुणी उच्चारलं असेल.

न जन्मलेल्या लेकरांचं ते वाक्य आलं तेव्हा माझं लक्ष सुपाकडं गेलं. आईचा हात थांबला होता. अर्धी वळलेली विडी बोटांत, दोरा लोंबता, पान उकलायला लागलेलं. तिची नजर लेकीच्या तोंडाकडं.

परिच्छेद संपला. पोरगी थांबली.

"बाई," आईनं मला विचारलं, "ह्यात त्या पोरीची आई कुठंय?"

तीस वर्षं जे मी निबंधांत, तासांना, परिसंवादांत घुमवून घुमवून मांडत आले ते तिनं विडी हातात धरून विचारलं. मी म्हटलं, "आहे. पण लेकाला जेवढी दिसते तेवढीच."

तिनं मान हलवली. पटलं म्हणून हलवली की ठाऊकच होतं म्हणून, मला कळलं नाही. उकललेलं पान तिनं पुन्हा अंगठ्यांनी घट्ट वळलं, टोक दाबलं, दोरा ओढला. पोरीनं पुस्तकावर बोट तसंच ठेवून विचारलं, "थांबवू का?"

"चदुवु," आई म्हणाली. वाच.